वर्कशॉप रिकामं करायचंय: आधी रजिस्टर वाचवा, मग यंत्रं

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळच्या तुमच्या कॉलेजात फिजिक्सची जुनी प्रयोगशाळा आणि तिच्या मागचं वर्कशॉप रिकामं करून तिथे कॉम्प्युटर लॅब व्हायची आहे. दीडेकशे वस्तू आहेत, त्यातल्या बऱ्याच १९६० च्या आधीच्या. ऑफिस म्हणतंय निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, भंगारात द्या. प्राचार्यांनी दिवाळीपर्यंत मुदत आणि एक हॉल दिलाय. तर ठेवायचं काय, टाकायचं काय, पितळ कशाने घासायचं, आणि यातून विद्यापीठाच्या वारशाचं म्हणता येईल असं छोटं संग्रहालय उभं राहील का?

मी सांगलीत अभियांत्रिकी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढली. शॉप इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो आणि सुपरिटेंडेंट म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर सांगली, मिरज, कराडकडच्या काही विभागांना अशीच आवराआवर करायला मदत केली. त्यावरून सांगतो. तुमची खोली मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तिथे उभं राहून ठरवाव्या लागतील. त्या जिथे येतील तिथे तसं म्हणेन.

तुम्ही पितळ कशाने घासायचं इथून सुरुवात केलीत. बहुतेक सगळे तिथूनच करतात. पण घाई पितळाची नाही. लेथ (धातू कातायचं यंत्र) अजून दहा वर्षं कोपऱ्यात उभा राहिला तर फार तर थोडा गंजेल. पण तो लेथ कधी आला, कशासाठी आला, कोणी चालवला, त्यावर काय काय बनलं, हे ज्या रजिस्टरात आहे ते रद्दीत एका दुपारी जातं. आणि ज्या माणसांना ते माहीत आहे ती आता ऐंशीच्या पुढे आहेत. वस्तू, कागद आणि माणूस यांची सांगड एकदा सुटली की हॉलमध्ये फक्त जुनं लोखंड उरतं. तुमचं खरं काम ती सांगड दिवाळीच्या आत बांधून ठेवणं हे आहे.

याचं एक उदाहरण देतो, जरा तपशिलात.

आमच्याकडे इंग्लंडहून आलेला एक जुना लेथ होता. त्याच्यासोबत चेंज गिअरची, म्हणजे आट्यांच्या मापाप्रमाणे बदलायच्या गिअरची, लाकडी पेटी. प्रत्येक गिअरवर कारखान्याचा शिक्का आणि दात्यांची संख्या कोरलेली. त्या पेटीत एक गिअर वेगळाच होता. बीड (ओतीव लोखंड) जरा काळपट, कडा कानशीने हाताने मारलेल्या, कारखान्याचा शिक्का नाही. नंबर पंचने १, २, ७ असे तीन आकडे ठोकलेले आणि त्यातला ७ तिरका. भंगाराच्या यादीत तो 'गिअर, जुना, नग १' एवढाच होता.

आता १२७ हा आकडा लेथवाल्याला लगेच कळतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच बरोबर १२७ मिलिमीटर. लेथचा लीडस्क्रू, म्हणजे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंची असेल आणि तुम्हाला मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे असतील, तर मध्ये १२७ दात्यांचा गिअर बसवावा लागतो. आपल्याकडे वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला, नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, आणि पुढच्या काही वर्षांत सगळा देश इंचावरून मिलिमीटरवर गेला. वर्कशॉपमधली यंत्रं मात्र इंचीच होती. नवे लेथ घ्यायला पैसे कुठले?

मी डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, काढलं. १९५९ च्या पानावर एक ओळ होती: 'गिअर १२७ दाते, नग १, शॉपमध्ये तयार.' किमतीच्या रकान्यात फक्त बिडाची किंमत. मग वर्कशॉपमध्ये सगळे ज्यांना मामा म्हणायचे त्या निवृत्त मिस्त्रींना रिक्षाने घेऊन आलो. मामांनी पेटी उघडली, गिअर हातात घेतला, अंगठ्याने दाते चाचपले आणि म्हणाले, "हा तिसरा. पहिले दोन वाया गेले. शेवटचा दाता बारीक यायचा."

त्या एका वाक्याचा अर्थ असा. १२७ ही मूळ संख्या आहे. दाते सारख्या अंतराने पाडायला मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावतात; त्याच्या प्लेटवर १२७ भागांसाठी भोकांचं वर्तुळ नसतं. मग युक्ती करावी लागते. १२० दाते पाडायचे आहेत असं धरून दर दात्याला हँडल ४० भागिले १२० (हँडलचे ४० फेरे म्हणजे गिअरचा एक फेरा), म्हणजे एक तृतीयांश फेरा फिरवायचं, आणि डिव्हायडिंग हेडच्या मागे ५६ आणि २४ दात्यांचे गिअर जोडून प्लेट स्वतःच हँडलच्या उलट दिशेने हळूहळू सरकेल अशी सोय करायची. ते गिअर चुकले किंवा कुठे ढिलाई राहिली, की दर दात्याला केसभर फरक पडतो आणि १२७ व्या दात्याला तो सगळा एकदम अंगावर येतो. सुतारशाळेत लाकडी पॅटर्न, फाउंड्रीत ओतकाम, मशीन शॉपमध्ये दाते. तीन शॉप, दोन फुकट गेलेले गिअर आणि तिसरा बरोबर. देशाचं मेट्रिक होणं आमच्या वर्कशॉपमध्ये कसं झालं ते त्या गिअरमध्ये आहे.

आता बघा. नुसता गिअर असता तर भंगारात गेला असता. नुसतं रजिस्टर असतं तर ती ओळ कोणाच्या डोळ्यात भरली नसती. मामा नुसते असते तर त्यांना कोणी विचारलंच नसतं. तिन्ही एका टेबलावर आले म्हणून कळलं. मामा त्यानंतर दोन वर्षांत गेले. त्यांचं बोलणं मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं, हे माझ्या हातून झालेलं बरं काम.

तर क्रम असा ठेवा: आधी कागद, मग जागेवरचे फोटो, मग माणसं, मग वस्तू हलवणं, आणि साफसफाई सगळ्यात शेवटी.

कागदांत डेड स्टॉक रजिस्टर पहिलं. ते ऑफिसकडे असेल, विभागाची वेगळी प्रतही असेल. दोन्ही काढा, कारण दोन्हीतल्या नोंदी नेहमी जुळत नाहीत आणि न जुळणारी जागाच पुष्कळदा कामाची असते. पानन् पान मोबाइलने काढा, सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात. त्यानंतर खरेदीची बिलं, यंत्रासोबत आलेली पुस्तिका, प्रॅक्टिकलची जुनी जर्नल्स, प्रयोगशाळेची नियमावली. बिलावर रुपये-आणे-पै असतील तर वस्तू बहुधा १९५७ च्या आधीची. बिल नसेल तर वस्तूच बोलते. सर्व्हेची साखळी ६६ फुटी किंवा १०० फुटी असेल तर जुन्या काळातली, २० किंवा ३० मीटरची असेल तर नंतरची. सर्व्हेत कोन मोजायच्या थिओडोलाइटवर 'कुक, ट्रॉटन अँड सिम्स' हे नाव असेल तर तो १९२२ नंतरचा, कारण दोन जुन्या कंपन्या एक होऊन ते नाव त्या साली झालं. कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसचा शिक्का असेल तर ते उपकरण कधीतरी सरकारी खात्यातून फिरून आलेलं असण्याची शक्यता मोठी.

स्थानिक नावांकडे विशेष लक्ष द्या. परदेशी पाटी दिसली की सगळे हरखतात, पण साताऱ्याच्या कॉलेजात किर्लोस्करांची पाटी असलेलं यंत्र मला जास्त मोलाचं वाटतं. १९१० साली लक्ष्मणरावांनी औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना आणला, नांगर आणि कडबा कापायची यंत्रं केली. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून काच होत होती. आपल्या भागात अभियांत्रिकीचं कॉलेज यायच्या कितीतरी आधी कारखाने आले. मुलांना शिकवायला मिस्त्री कुठून मिळाले, याचं उत्तर या कारखान्यांपाशीच शोधायला हवं. तुमच्या पहिल्या इन्स्ट्रक्टरची सेवापुस्तकं मिळाली तर 'पूर्वीचा अनुभव' हा रकाना जरूर वाचा.

विद्यापीठाचे कागद कुठे शोधायचे हेही विचारलंत. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याच्या आधी आपला हा सगळा भाग पुणे विद्यापीठाकडे होता आणि पुणे विद्यापीठ व्हायच्या आधी मुंबईकडे. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं आहे. धोंडूमामा साठ्यांनी सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली काढलं, तेच आजचं वालचंद. कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं. म्हणजे यातल्या प्रत्येकाने एकाहून जास्त विद्यापीठं पाहिली. त्यामुळे १९५५ चा अभ्यासक्रम कोल्हापुरात शोधत बसू नका. आणि एक गोष्ट: विद्यापीठ बदललं तेव्हा प्रयोगांची यादीही बदलली. कोणतं उपकरण कपाटात मागे का गेलं याचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं.

तुमच्याकडे सिव्हिल विभाग नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाकडे असेल तर त्यांच्यासाठी. मटेरियल टेस्टिंगचं रजिस्टर मशीनपेक्षा आधी वाचवा. बाहेरून आलेल्या विटा, सळ्या, काँक्रीटचे क्यूब, सात दिवसांची ताकद, अठ्ठावीस दिवसांची ताकद, कोणत्या कामासाठी, कोणी पाठवलं. जिल्ह्यातले पूल, साखर कारखाने, पाण्याच्या टाक्या कशा मालाने उभ्या राहिल्या त्याची ती वही असते. टेस्टिंग मशीन बर्मिंगहॅमचं असो की आणखी कुठलं, तसं दुसरं कुठेतरी मिळेल. ती वही दुसरी मिळणार नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. त्या दिवशी कोयना धरणातल्या उपकरणाने जो धक्का टिपला त्याची नोंद आजही जगभर धरणांच्या गणितात वापरतात. अशा कोणाकडे त्या काळातलं टेस्टिंगचं रजिस्टर असेल तर १९६८ ची पानं सावकाश वाचा.

जागेवरचे फोटो म्हणजे नुसते यंत्राचे नव्हेत. छताकडे बघा. जुन्या वर्कशॉपमध्ये एकाच मोटरवर किंवा इंजिनवर वरून लाइन शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी खाली एकेक यंत्र चालायचं. शाफ्ट कधीच गेलेला असतो, पण कैच्यांना अडकवलेले त्याचे हँगर राहतात, रंगाच्या चार थरांखाली. जमिनीवर फाउंडेशन बोल्ट, तेलाचे डाग, माणूस उभा राहून झिजलेली फरशी. यंत्र कुठे होतं आणि कोणाच्या शेजारी होतं ते त्यातून कळतं. कॉम्प्युटर लॅबसाठी फॉल्स सीलिंग आणि टाइल्स बसल्या की हे संपलं. एक साधा नकाशा काढा, पावलांनी मोजून काढला तरी चालेल, आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा क्रमांक टाका. तोच क्रमांक सुती दोऱ्याने वस्तूला बांधा. चिकटपट्टी लावू नका, ती रंग घेऊन निघते.

ठेवायचं काय? इथे मी ठाम नियम सांगणार नाही, कारण ते हॉल किती कोरडा आहे आणि तुमच्याकडे आठवड्याचे किती तास आहेत यावर आहे. दीडशे वस्तू राखायला एक पूर्ण वेळ माणूस लागतो. तो नसेल तर चाळीस निवडा आणि त्या नीट राखा. मी निवडताना तीन गोष्टी बघतो: तिची नोंद सापडते का, इथे कोणी ती दुरुस्त केली, बदलली किंवा घडवली असं दिसतं का, आणि ती वापरलेला माणूस अजून भेटू शकतो का. दोन गोष्टींना हो असेल तर ती राहते. दिसायला सुंदर, पण यातलं काहीच नाही, अशी वस्तू मी जड मनाने मागे ठेवतो. एकसारखे बारा गॅल्व्हानोमीटर असतील तर दोन ठेवा: एक सगळ्यात चांगल्या अवस्थेतला आणि एक सगळ्यात जास्त वापरलेला, ज्याच्या लाकडावर मुलांनी कंपासने नावं कोरली आहेत.

काही वस्तूंना मात्र हात लावायच्या आधी थांबा. फॉर्टिनचा बॅरोमीटर, पाऱ्याचे मॅनोमीटर आणि इलेक्ट्रिकल लॅबमध्ये असला तर काचेच्या मोठ्या फुग्याचा मर्क्युरी आर्क रेक्टिफायर, या सगळ्यांत पारा असतो. आडवे उचलू नका. सांडला तर झाडूने लोटू नका, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि केमिस्ट्रीच्या लोकांना बोलवा. बॉयलरच्या नळ्यांवरचा पांढरा गिलावा अॅसबेस्टॉसचा असू शकतो, खरवडायचा नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधलं तेल विषारी असू शकतं. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची उपकरणं आणि किरणोत्सारी स्रोताच्या शिशाच्या डब्या उघडू नका. त्यांची विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने होते, भंगारवाल्याकडे कदापि जाता कामा नयेत. आणि कितीही मोह झाला तरी पन्नास वर्षं बंद असलेलं काहीही प्लगमध्ये घालू नका. त्याच्या आतल्या रबरी वायरचं कवच हात लावताच भुगा होतं.

आता तुमचं पितळ.

एका कॉलेजात मी सकाळी मुलांना 'थिओडोलाइट साफ करून ठेवा' एवढं सांगून दुसऱ्या कामाला गेलो. मुलं मनापासून बसली. ब्रासो आणलं, दिवसभर घासलं. संध्याकाळी उपकरण सोन्यासारखं चमकत होतं. थिओडोलाइटच्या चकतीवर अंश-कला दाखवणाऱ्या बारीक काळ्या रेघा असतात, त्या चांदीच्या अगदी पातळ थरावर कोरलेल्या असतात. तो थर गेला, रेघांतली शाई गेली. भिंगातून पाहिलं तर कोरी चकती. ज्यासाठी ते उपकरण बनलं होतं, तेच त्यातून पुसलं गेलं होतं. चूक मुलांची नव्हती, कशाने पुसायचं हे मी सांगितलं नव्हतं. म्हणून आता लिहूनच देतो.

पितळाला ब्रासो नाही, चिंच नाही, रांगोळी नाही. जुन्या उपकरणांवर लाखेचा सोनेरी थर असतो, तो वस्तूचाच भाग आहे. स्पिरिटने पुसलं की तो विरघळतो. रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झटका, मग किंचित ओलसर सुती कापडाने टिपा आणि लगेच कोरड्या कापडाने. काळं पडलेलं काळंच राहू द्या. पोस्ट ऑफिस बॉक्सची (विजेचा रोध मोजायच्या पेटीची) वरची काळी पट्टी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची असते. ती उन्हाने तपकिरी होते आणि तिच्यातून आम्ल सुटतं, म्हणून तिला पाणी नको, ऊन नको. (हा बॉक्स मुळात तारेच्या लाइनमधला बिघाड शोधायला पोस्ट खात्यासाठी केलेला, म्हणून त्याचं नाव तसं. मुलांना हे सांगा, त्यांना व्हीटस्टन ब्रिज एकदम आपला वाटायला लागतो.) लोखंडाला टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी आणि फार झालं तर पितळी तारेचा मऊ ब्रश. पॉलिश पेपर लेथच्या बेडवर कधीही नाही. बेडवर तिरप्या उजेडात चंद्रकोरीसारख्या खुणांची नक्षी दिसते. ते स्क्रेपिंग आहे, कोण्या कारागिराने हाताने केलेलं. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की ती गेली. साफ झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या, दर पावसाळ्याच्या आधी पुन्हा द्या.

ऑफिसशी भांडू नका. त्यांच्यावर ऑडिटची जबाबदारी असते आणि जुनी वस्तू रजिस्टरात पडून राहिली की प्रश्न त्यांना विचारले जातात. निर्लेखन समितीपुढे जायच्या आधी चाळीस वस्तूंची यादी, प्रत्येकी दोन ओळी आणि फोटो असा प्रस्ताव द्या, आणि 'विभागाच्या डेड स्टॉकमधून कमी करून संग्रहाच्या वेगळ्या रजिस्टरात वर्ग' असा ठराव मागा. अनुदानातून घेतलेल्या वस्तूंना वरची परवानगी लागू शकते. संस्थेप्रमाणे पद्धत बदलते, म्हणून अधीक्षकांशी आधीच चहा घेत बसा. शंभर वर्षांपुढची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. परदेशातून कोणी इंटरनेटवर चांगली किंमत देऊ केली तरी पाठवायची नाही.

हॉल तळमजल्यावर असेल तर कागद तिथे ठेवू नका. सांगलीकर म्हणून हे मी कळकळीने सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. लोखंड पुरातून काढून पुसता आलं. भिजलेली रजिस्टरं एकमेकांना चिकटून विटा झाल्या. तुमच्याकडे कृष्णेचं पाणी एवढं चढत नसेल, पण गळकं छत सगळीकडेच असतं. रजिस्टरं वरच्या मजल्यावर, लोखंडी कपाटात, खालचा कप्पा मोकळा सोडून. आणि फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत.

राहता राहिली माणसं. निवृत्त लॅब असिस्टंट, मिस्त्री, शिपाई यांचे पत्ते मिळत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. पेन्शनरांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे त्या दिवसांत ते बँकेत येतात किंवा कोणाला तरी पाठवतात. ऑफिसमधल्या पेन्शनचं काम बघणाऱ्या क्लार्कला नावं ठाऊक असतात. दिवाळीच्या मुदतीला ते थोडं उशिराचं आहे, म्हणून प्राचार्यांकडून एवढंच मागून घ्या की हॉल दिवाळीला लावू, पण भंगाराचा लिलाव डिसेंबरच्या आधी नको. बोलावताना नुसतं 'मुलाखत द्यायला या' म्हणू नका, ते घाबरतात. 'तुमचं मशीन हलवतोय, एकदा बघून जा' म्हणा. गाडी पाठवा. आणि ते आले की प्रश्न विचारायच्या आधी वस्तू त्यांच्या हातात द्या.